पॉडकास्टमधली रील आणि दीक्षितरांचे नोट्टुस्वर

पुढे वाचण्याआधी एक छोटे काम करा. ‘गॉड सेव्ह द किंग’ची चाल मनातल्या मनात म्हणा. शब्द आले नाहीत तरी चालेल, सिनेमात आणि सामन्यांच्या आधी ती तुम्ही ऐकलेली आहे. आता तिच्या पहिल्या सहा स्वरांवर ही सहा अक्षरे ठेवा: सं, त, तं, पा, हि, मां. न ओढता-ताणता बसतात. हे काम दोनशे वर्षांपूर्वी मुत्तुस्वामी दीक्षितरांनी करून ठेवले आहे. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी ते एक, आणि ‘संततं पाहि मां’ ही त्यांची रचना. अशा सुमारे चाळीस रचना त्यांच्या नावावर आहेत. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. ‘नोट्टु’ म्हणजे इंग्रजी ‘नोट’.

या टिपणात मी या रचनांविषयी लिहिणार आहे, पण त्यांच्यापर्यंत मी ज्या वाटेने पोचलो त्या वाटेने. ती वाट आयर्लंडवरून येते.

मी तंजावूरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मूळचा मिरजेचा, म्हणजे तंबोरे बनवणाऱ्यांच्या गावातून वीणा बनवणाऱ्यांच्या गावात आलेला. संगीताची पदवी नाही. लहानपणी पेटीच्या दोन परीक्षा दिल्या, तेवढेच. रोज सकाळी कॉलेजच्या बसमध्ये पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात काही वर्षांपूर्वी मला ‘आयरिश अँड केल्टिक म्युझिक पॉडकास्ट’ सापडला. मार्क गन नावाचे अमेरिकन संगीतकार तो २००५ पासून चालवतात. स्वतः ऑटोहार्प वाजवतात आणि गातात. त्या वर्षी पॉडकास्ट हा शब्दच नवा होता. तेव्हा सुरू झालेले बहुतेक कार्यक्रम कधीच बंद पडले, हा शेकडो भागांनंतरही चालू आहे. साधारण तासाभराचा भाग, मोठ्या कंपन्यांशी न बांधलेल्या वादकांची एकामागून एक गाणी, अधूनमधून निवेदकाचे बोलणे, आणि आवडले तर वादकाची सीडी विकत घ्या, त्याला पैसे द्या, हा आग्रह.

त्याचे गुणदोष आधीच सांगतो, कारण तुम्हीही तो लावून पाहावा असे मला वाटते. गुण असा की तो शिकवायला बसत नाही. एक रील, मग दारूच्या गुत्त्यातले गाणे, मग हार्प, मग इलेक्ट्रिक गिटार लावून केलेला धांगडधिंगा. पहिले महिनाभर मला सगळे सारखेच वाटले. त्यानंतर कान आपोआप वेगळे करू लागला. दोषही तिथेच आहे. ‘केल्टिक’ या एका पिशवीत सगळे कोंबले जाते. हा शब्द मुळात भाषाकुलाचा आहे. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेतॉन या भाषांचे नाते एडवर्ड लॉइड या अभ्यासकाने १७०७ मध्ये मांडले. संगीताच्या दुकानातला ‘केल्टिक’ हा फळीवरचा शिक्का त्याच्या खूप नंतरचा. शिवाय कार्यक्रमाचा भर आजच्या स्वतंत्र वादकांवर असल्यामुळे जुनी मंडळी कानावर येतीलच असे नाही. मायकल कोलमन (१८९१–१९४५) हे स्लायगोचे फिडलवादक मला वेगळे शोधावे लागले. ते १९१४ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे निघालेल्या त्यांच्या तबकड्या बोटीने आयर्लंडला परत गेल्या आणि तिथल्या गावागावांतले वादक त्या ऐकून वाजवण्याची पद्धत बदलू लागले. पलीकडच्या किनाऱ्यावरून यंत्रातून आलेला सूर शिकवू शकतो, याची ही जुनी साक्ष.

आता थोडे तांत्रिक. रील म्हटले की तुम्हाला मोबाइलवरची आठवेल. ही ती नव्हे. रील म्हणजे नाचाची एक चाल, चार-चारच्या वजनात धावणारी. जिग म्हणजे सहाच्या वजनात, तीन अधिक तीन. दादरा ऐकलेल्या कानाला हा आकडा ओळखीचा, पण झोके निराळे. स्लिप जिग नऊची. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, प्रत्येक आठ मात्राखंडांचा, आणि प्रत्येक भाग सहसा दोनदा वाजतो. मग सगळी चाल पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन आवर्तनांनंतर न थांबता दुसरी चाल पकडायची. वादक एकत्र बसतात त्या बैठकीला सेशन म्हणतात. तिथे फिडल, बासरीसारखी टिन व्हिसल, काखेतल्या भात्यावर चालणारे पाइप्स असे सगळे तीच एक चाल एकदम वाजवतात. स्वरमेळ रचून वाजवणे हा तिथला मूळ स्वभाव नाही. आपल्या भजनी मंडळात सगळे एकच चाल धरतात आणि प्रत्येकाचा गळा थोडा वेगळा वळतो, तसेच हे आहे. चाल कानाने शिकायची, वहीतून नव्हे.

आणि अलंकार. मुख्य स्वराला वरच्या स्वराचा अगदी निसटता स्पर्श म्हणजे ‘कट’. मुख्य स्वर, वरचा स्पर्श, पुन्हा मुख्य, खालचा टोला, पुन्हा मुख्य, असा एका घासात गुंडाळलेला गुच्छ म्हणजे ‘रोल’. हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अशीच एक रील बसमध्ये ऐकत घरी आलो आणि शेजारच्या घरातून तिचे भावंड ऐकू आले. शेजारी तंजावुरी मराठी कुटुंब राहते. तीनशेहून अधिक वर्षे इथे असलेली, घरात जुनी मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी ही माणसे. त्यांची नात व्हायोलिन शिकते. त्या दिवशी ती एक सरळसोट, गमक नसलेली, चार-चारच्या वजनातली चाल घासत होती. वेग निम्मा, पण बांधा तोच. मी जाऊन विचारले, हे आयरिश कुठून शिकलीस? ती म्हणाली, काका, हे दीक्षितरांचे ‘जगदीश गुरुगुह’ आहे. अभ्यासक ही चाल ‘लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील’ या स्कॉटिश रीलशी जोडतात, हे मला नंतर वाचनातून कळले. ‘वंदे मीनाक्षी’चे नाते ‘लिमरिक’ या आयरिश चालीशी सांगतात. ‘श्यामले मीनाक्षि’ची चाल तर बालवाडीतल्या प्रत्येकाला येते, ती ‘ट्विंकल ट्विंकल’ची, मूळची फ्रेंच.

या चाली दीक्षितरांपर्यंत आल्या कशा? १७७० च्या दशकात तिरुवारूरला जन्मलेले दीक्षितर तरुणपणी वडील आणि भावांबरोबर मद्रासजवळच्या मणलीला राहिले. तिथले मुदलियार घराणे कंपनी सरकारशी व्यवहार करणारे आणि संगीताचे आश्रयदाते. सेंट जॉर्ज किल्ल्यातला बँड या भावांच्या कानावर तिथेच पडला, असे परंपरा सांगते. धाकटे बालुस्वामी युरोपियन वादकाकडे व्हायोलिन शिकले आणि ते कर्नाटक संगीतात आणणाऱ्यांतले पहिले मानले जातात. बँडमध्ये स्कॉटिश-आयरिश चाली असणे स्वाभाविकच होते. कंपनीच्या फौजेत आयरिश शिपाई भरपूर होते, आणि १७८० मध्ये मद्रासला उतरलेली हायलंडर पलटण, जिला पुढे ७१ वी हा क्रमांक मिळाला, म्हैसूरच्या लढायांत याच मुलखात होती.

तंजावूरचे या गोष्टीतले स्थान वेगळे. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या हाती १७९९ च्या तहानंतर राज्य म्हणून किल्ल्याबाहेर फारसे काही उरले नाही. मग त्यांनी ग्रंथ, वैद्यक, छपाई आणि संगीत यांत जीव घातला. दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळातली पाश्चात्त्य स्वरलेखने आहेत. त्यांचे अधिकारी वराहप्पय्यर युरोपियन संगीत जाणत. दीक्षितर तंजावुरात काही काळ राहिले आणि दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या चार भावांना त्यांनी शिकवले. भरतनाट्यमचा आजचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो, तो याच चौघांनी बसवला. वडिवेलूही व्हायोलिन वाजवत. म्हणजे मराठी राजा, तेलुगू-संस्कृत-तमिळ-मराठी साहित्य आणि रांगेत उभा असलेला बँड, हे सगळे एका राजवाड्यात होते. राजवाडा तुम्ही येऊन पाहू शकता. मी पाहुण्यांना नेतो तेव्हा ते चित्रे पाहतात, आणि मी मात्र या दिवाणखान्यात क्लॅरिनेट कसे घुमले असेल याचा विचार करत बसतो.

आता मुख्य प्रश्न. वर्गात मी हे सांगितले तेव्हा शेवटच्या बाकावरून एक शब्द आला: कॉपी-पेस्ट. हसण्यावारी नेता आले असते. पण प्रकल्प अहवालांतली उचलेगिरी तपासणे हे माझे दर सत्रातले काम, तेव्हा उत्तर देणे भाग होते. दुसऱ्या बाजूला, नातीचे व्हायोलिन शिकवणारे सर नोट्टुस्वरांना संगीतच मानत नाहीत. बोटे फिरावीत म्हणून मुलांना द्यायचा खाऊ, एवढेच त्यांचे मत. उचलेगिरी आणि खाऊ, या दोन्ही निकालांशी मी सहमत नाही. का, ते मोजून दाखवतो.

शाळेतले लघु-गुरू आठवा. ‘संततं पाहि मां’ची सहा अक्षरे: गुरू, लघु, गुरू, गुरू, लघु, गुरू. इंग्रजी चालीच्या पहिल्या मात्राखंडात तीन सारखे स्वर आहेत. दुसऱ्यात पहिला दीडपट, दुसरा अर्धा, तिसरा पूर्ण. दुसऱ्या खंडावर ‘पाहि मां’ ठेवून पाहा. ‘पा’ दीडपटीवर, ‘हि’ अर्ध्यावर, ‘मां’ पूर्णावर. लघु अक्षर नेमके आखूड स्वराखाली आले आहे. पहिल्या खंडातल्या ‘त’ला मात्र सारखेपणासाठी थोडे ताणावे लागते, तेवढी सूट त्यांनी घेतली आहे. आणि अर्थाकडे बघा. मूळ गीत देवाला सांगते, राजाला सांभाळ. त्याच चालीवर दीक्षितर देवीला सांगतात, मला सांभाळ. मागणे तेच राहिले, राजा तेवढा वगळला. त्यात उपरोध होता का, हे मी सांगू शकत नाही. पण उचलेगिरी करणारा माणूस ओळी बदलतो, अर्थाचा पत्ता बदलण्याइतके कष्ट घेत नाही.

रीलचे गणित याहून अवघड. सेशनमध्ये रील मिनिटाला शंभराच्या आसपास ठोक्यांनी जाते आणि एका ठोक्यात चार स्वर येतात. म्हणजे मिनिटाला चारशे, सेकंदाला साडेसहाच्या वर. फिडलला श्वास लागत नाही, गळ्याला लागतो. सेकंदाला साडेसहा संस्कृत अक्षरे, जोडाक्षरांसह, भक्तिभावाने म्हणून दाखवा पाहू. तेव्हा दोनच मार्ग उरतात: चाल संथ करायची आणि अक्षरे हलकी निवडायची. दीक्षितरांनी दोन्ही केले. ‘जगदीश गुरुगुह’ हे नावच मोजा. आठ अक्षरांत गुरू एकच, बाकी सात लघु. जड समासांसाठी ओळखला जाणारा हा रचनाकार इथे वाटाण्यासारखी अक्षरे टाकत जातो, आणि तरीही ‘गुरुगुह’ ही स्वतःची मुद्रा त्यात बसवतो. याला मी खाऊ म्हणणार नाही. हा दुसऱ्याच्या छंदात लिहून पाहण्याचा कठीण अभ्यास आहे.

पण नोट्टुस्वर ऐकताना काहीतरी हरवल्यासारखे वाटते हेही खरे. ते काय, हे मला पॉडकास्टमुळे कळले. नाच हरवला आहे. रीलचे सगळे जगणे पुन्हा येण्यात आहे, दुसऱ्या आवर्तनात रोल वेगळ्या जागी पडतो, धनुष्य उलट्या दिशेने सुटते, आणि ऐकणाऱ्याचा पाय हलतो. नोट्टुस्वर एकदा, फार तर दोनदा, आणि प्रत्येक वेळी तसाच गातात. सगळे शंकराभरणच्या स्वरांत, म्हणजे आपल्या बिलावलच्या, आणि गमकाशिवाय. इथे गंमत पाहा. आयरिश फिडलवाल्याकडे अलंकार आहेत, दीक्षितरांकडे तर अलंकारांचा समुद्र आहे. मग दोघांच्या मधल्या या रचना इतक्या कोऱ्या का? माझा अंदाज असा की दीक्षितरांनी फिडलवाला ऐकलाच नाही, त्यांनी बँड ऐकला. पलटणीचा बँड कागदावरून वाजवतो, वीस माणसे एकदम कट घेऊ शकत नाहीत. चाल त्यांच्यापर्यंत आली तेव्हाच ती इस्त्री केलेली होती. आपण जो कोरडेपणा नोट्टुस्वरांच्या पदरात टाकतो, तो बराचसा बँडचा आहे. गमक घालणे दीक्षितरांना अवघड नव्हते. त्यांनी ते घातले नाही, याचा अर्थ आलेली वस्तू जशी ऐकली तशी ठेवण्याचा प्रामाणिकपणा, असाही घेता येतो. निदान मी तसा घेतो.

याच्या उलट उदाहरण टागोरांचे. ‘पुरानो शेइ दिनेर कथा’ हे गाणे स्कॉटलंडच्या ‘ऑल्ड लँग साइन’वर बांधलेले आहे. ती चाल पाच स्वरांची, भूपाच्याच स्वरांची, त्यामुळे बंगाली गळ्यात गेल्यावर पाहुणी वाटतच नाही. टागोरांनी चाल मऊ करून घेतली. दीक्षितरांनी केली नाही. मला स्वतःला ऐकायला टागोर अधिक आवडतात, पण शिकायला दीक्षितर. दीक्षितरांत शिवण दिसते.

एक कबुली इथेच देतो. तंजावुरात आलो तेव्हा देवळात तमिळ भागवत मंडळी तुकोबांचे आणि नामदेवांचे अभंग गाताना ऐकली. उच्चार वेगळे, चाल वेगळी, प्रत्येक शब्दावर गमक. मला राग आला होता. आमचे अभंग असे का गातात, असे घरी येऊन बोललोही. कोणा स्कॉटिश माणसाने ‘जगदीश गुरुगुह’ ऐकून असेच म्हटले तर त्याला काय उत्तर द्यायचे, याचा विचार करताना तो राग आठवला. आता त्या भजनाला मी वेळ मिळेल तेव्हा जातो. ‘विठ्ठल’मधला ‘ठ्ठ’ अजून खटकतो. चालीबद्दल तक्रार उरलेली नाही.

तुम्हाला प्रयोग करायचा असेल तर साधा आहे. ‘लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील’चे एखादे फिडलवादन शोधा आणि ते यंत्रावर निम्म्या वेगाने लावा. बहुतेक मोबाइलमध्ये ही सोय असते. मग ‘जगदीश गुरुगुह’ ऐका. कन्निकेश्वरन या अमेरिकेत राहणाऱ्या संगीतकारांनी नोट्टुस्वरांवर संशोधन करून ‘विस्मय’ नावाने ध्वनिमुद्रणही केले आहे, ते मिळाले तर उत्तम. निम्म्या वेगातल्या रीलमध्ये रोल उलगडतो आणि त्यातले पाच स्वर एकेक करून दिसतात. ते वगळत वगळत ऐकलेत की दीक्षितरांच्या चालीचा सांगाडा हाती येतो.

हाच प्रयोग मी शेजारच्या नातीला करून दाखवला. तिने दोन आठवडे रोलचा सराव केला. नवरात्रात त्यांच्या घरी गोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या, आणि आलेल्या प्रत्येकाने काहीतरी गाऊन-वाजवून दाखवायचे, मग सुंडल खायचे. व्हायोलिनचे सरही आले होते. तिने ‘जगदीश गुरुगुह’ आधी शिकवल्याप्रमाणे वाजवले. मग न थांबता जवळजवळ दुप्पट वेगाने, रोल घालून. दोन ठिकाणी धनुष्य घसरले. सर सुंडलची वाटी हातात धरून ऐकत होते. संपल्यावर ते तिला म्हणाले, “हे गमक आपले नाही, पण गमक आहे. बोट नीट पडते आहे. फक्त आता यावर कोणाला शब्द म्हणता येणार नाहीत.”

“का नाही?” आजी म्हणाल्या, आणि नातीला पुन्हा सुरू करायला लावून त्या वेगात गाऊ लागल्या. पहिली ओळ निघाली. दुसरी अर्धी निघाली. तिसरीला त्यांचा श्वास संपला आणि त्या हसत खाली बसल्या. व्हायोलिन पुढे चालूच होते.